एकाच अक्षवृत्ताजवळचे बेट आणि वाळवंट : रियुनियन चिंब, नामिब कोरडे, असे का?

समोच्चरेषा (प्रश्न)

नमस्कार. हवामानाच्या तुलनेवर विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहिताना मी उष्ण कटिबंधातील एक बेट आणि एक वाळवंट अशी जोडी शोधत होतो. नकाशावर बोट फिरवताना हिंदी महासागरातले रियुनियन बेट आणि आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे नामिब वाळवंट अशी जोडी सापडली आणि तिथेच अडकून बसलो. रियुनियन साधारण २१ अंश दक्षिण अक्षवृत्तावर आहे. नामिबच्या किनाऱ्यावरचे वॉल्व्हिस बे हे बंदर २३ अंशांच्या जरा अलीकडे आहे. दोन्ही ठिकाणे मकरवृत्ताच्या आत असल्यामुळे दोन्हीकडे सूर्य वर्षातून दोनदा माथ्यावर येतो आणि दिवसाची लांबी जवळपास सारखीच राहते.

असे असूनही रियुनियनवरील फोक-फोक या ठिकाणी जानेवारी १९६६ मध्ये एका चक्रीवादळाच्या वेळी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला आणि तो आजही जागतिक विक्रम आहे. उलट वॉल्व्हिस बेला अख्ख्या वर्षात सरासरी २० मिलिमीटरही पाऊस मिळत नाही. म्हणजे त्या एका दिवसाच्या पावसात या बंदराची नव्वदहून अधिक वर्षे निघाली असती.

‘समुद्र जवळ असेल तर पाऊस भरपूर, समुद्रापासून दूर गेले की कोरडेपणा’ हे शिकवताना वापरले जाणारे नेहमीचे वाक्य येथे लागू पडत नाही, कारण नामिबच्या वाळूवर लाटा येऊन फुटतात. मग खरे कारण कोणते? शिवाय दोन्हीकडच्या भूरूपांतला फरकही हवामानावरूनच समजावून सांगता येईल का, की त्यासाठी वेगळे टिपण लिहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बाष्पांक

आपण जोडी फार चांगली निवडली आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावाचून पुढचे सगळे चुकत जाते. ही दोन्ही ठिकाणे मुळात कोरड्या पट्ट्यातलीच आहेत. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा २० ते ३० अंशांच्या दरम्यान दोन्ही गोलार्धांत खाली उतरते. खाली येताना तिच्यावरचा दाब वाढत जातो आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंश सेल्सिअस या दराने ती तापते. बाष्प तेवढेच राहते, तापमान मात्र वाढते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता झपाट्याने घटते. सहारा, अरबस्तान, कालाहारी आणि ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग याच पट्ट्यात येतात. तेव्हा नामिब कोरडे आहे यात नवल नाही. विचारायचे तर रियुनियन ओले कसे, हे आधी विचारायला हवे.

ही उतरणारी हवा थेट समुद्रपृष्ठापर्यंत पोहोचत नाही. समुद्रालगतची दमट हवा आणि वरून आलेली उबदार कोरडी हवा यांच्यामध्ये एक असा थर तयार होतो ज्यात उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी वाढते. त्यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा थर असतो. खालची हवा वर चढते, झाकणाला टेकते आणि थांबते. ढग होतात ते त्याच्या खालीच, आणि त्यांची जाडी बेताची राहते. पाऊस किती पडेल हे पुष्कळसे या झाकणाच्या उंचीवर ठरते.

रियुनियनभोवतीच्या समुद्राचे तापमान हिवाळ्यात सुमारे २३ अंश आणि उन्हाळ्यात २७-२८ अंश असते. एवढ्या उबदार पाण्यामुळे खालची हवा सतत ढवळली जाते आणि झाकण दोन हजार मीटर किंवा त्याहूनही वर उचलले जाते. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे हजारो किलोमीटर अशाच पाण्यावरून येत असल्यामुळे बाष्पाने भरलेले असतात. त्यांच्या वाटेत सुमारे ३,०७० मीटर उंचीचा पितों द नेज आणि २,६३२ मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ हे दोन ज्वालामुखी पर्वत उभे आहेत. वारा चढतो, थंड होतो आणि बरसतो. फुर्नेझच्या पूर्व उतारावर काही ठिकाणी वर्षाकाठी १०,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जानेवारी ते मार्च या काळात विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, झाकण ढिले पडते, कधी नाहीसेच होते. चक्रीवादळे येतात ती याच दिवसांत.

जुनी_नोंदवही

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र ‘रियुनियन ओले’ या शब्दप्रयोगाला माझा आक्षेप आहे. अर्धे रियुनियन ओले आहे. बेटाची लांबी जेमतेम ७० किलोमीटर आणि रुंदी ५० च्या आसपास, पण स्थानिक लोक त्याचे ‘वाऱ्याकडचे’ आणि ‘वाऱ्याआडचे’ असे दोन भाग करतात आणि त्या दोन भागांची हवामाने दोन वेगळ्या देशांची वाटावीत अशी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर काही ठिकाणी वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. तेथे मूळची वनस्पती म्हणजे विरळ झाडांचा कोरडा गवताळ प्रदेश. पूर्वेकडचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगदे खणून पश्चिमेकडच्या शेतीला नेण्याची मोठी योजना या चिमुकल्या बेटाला राबवावी लागली, यातच सर्व आले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. मोझांबिकच्या सामुद्रधुनीत युरोपा नावाचे प्रवाळी बेट आहे. तेही २२ अंश दक्षिणेवर, भोवती तसेच उबदार पाणी. पण ते सपाट असल्यामुळे वाऱ्याला चढायला काहीच नाही आणि रियुनियनच्या मानाने ते कितीतरी कोरडे आहे. अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावरही हेच दिसते. तेथे डोंगरमाथ्यावर दमट झाडी आहे आणि किनाऱ्यावरचे जेम्सटाउन जवळपास उघडेबोडके आहे. म्हणून टिपणाला ‘बेट विरुद्ध वाळवंट’ असे शीर्षक देऊ नये. बेट हा हवामानाचा प्रकार नव्हे. पाऊस रियुनियनच्या डोंगराचा आहे, बेटपणाचा नाही.

समोच्चरेषा

दोघांचेही आभार. पश्चिम किनाऱ्याचा मुद्दा माझ्या टिपणात मुळीच नव्हता. तो आता घालतो. परंतु डोंगराच्या स्पष्टीकरणाने माझी अडचण वाढली आहे. नामिबच्या किनाऱ्यापासून आत १०० ते १५० किलोमीटरवर जमीन एकदम उंचावते आणि आफ्रिकेच्या दक्षिण पठाराचा प्रचंड कडा उभा राहतो. समुद्रावरून जमिनीकडे वाहणारे नैर्ऋत्येचे वारेही तेथे आहेत. म्हणजे समुद्र आहे, जमिनीकडे येणारा वारा आहे आणि आडवा कडाही आहे. प्रतिरोध पावसाची सगळी सामग्री हजर असताना पाऊस पडत नाही, याचे काय करावे?

थंडप्रवाह

याचे उत्तर समुद्राच्या तापमानात आहे, आणि ते तापमान वाऱ्याने ठरवले आहे. दक्षिण अटलांटिकवरच्या जास्त दाबाच्या क्षेत्रामुळे नामिबच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर असे दक्षिणेकडून वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठभागाचे पाणी त्याच्या डावीकडे, म्हणजे येथे किनाऱ्यापासून दूर, पश्चिमेकडे सरकते. रिकामी झालेली जागा भरायला खालचे थंडगार पाणी वर येते. उत्तरेकडे वाहणारा बेंग्वेला प्रवाह थंड आहेच. त्यात या वर येणाऱ्या पाण्याची भर पडते. परिणामी उष्ण कटिबंधात असूनही किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक वेळा १३ ते १८ अंशांच्या दरम्यान राहते.

आता आकडे मांडून पाहू. २७ अंश तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे २६ ग्रॅम बाष्प सामावून घेते, १४ अंशांची फक्त १२ ग्रॅम. म्हणजे नामिबकडे येणाऱ्या वाऱ्याची शिदोरी निम्म्याहून कमी. पण खरा फरक या शिदोरीचा नाहीच. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड असते. ती वर चढायला तयार नसते. त्यातच महासागरांच्या पूर्व कडेला, म्हणजे खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर, वरून उतरणाऱ्या हवेचा जोर अधिक असतो. त्यामुळे ‘बाष्पांक’ यांनी सांगितलेले झाकण येथे दोन हजार मीटरवर नसून बहुधा काही शे मीटरवरच बसलेले असते. दमट थर एवढा पातळ, की आपण म्हणता त्या कड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत तो तापून विरून गेलेला असतो. माथा तर झाकणाच्या कितीतरी वर, कोरड्या हवेत. डोंगर आहे, पण दमट हवा त्यावर चढतच नाही. रियुनियनला डोंगर झाकणाखालच्या जाड दमट थरात खोल रुतलेला आहे, नामिबचा कडा त्या थराच्या बाहेर उभा आहे.

त्या पातळ थरातले बाष्प अगदीच वाया जात नाही. ते धुके होऊन येते. किनाऱ्यावर वर्षातले शंभरहून अधिक दिवस धुक्याचे असतात आणि काही वेळा ते ५०-६० किलोमीटर आतपर्यंत शिरते. पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन, डोके खाली आणि पाठ वर करून उभे राहणारे आणि अंगावर जमलेल्या थेंबांतून पाणी पिणारे काळे भुंगे याच वाळवंटातले.

अटाकामा, बाहा कॅलिफोर्निया, पश्चिम सहाराचा किनारा यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडते. समुद्राला लागून असलेली वाळवंटे खंडांच्या पश्चिम कडांवर का सापडतात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

विंडवर्ड

‘समुद्रापासून दूर गेले की कोरडेपणा’ या वाक्याला उत्तर म्हणून आपल्या टिपणात एक छेद काढावा, असे मी सुचवेन. वॉल्व्हिस बेपासून पूर्वेकडे सरळ रेषेत निघा. किनाऱ्यावर वार्षिक पाऊस २० मिलिमीटरच्या आत. वाळवंटाच्या पूर्व कडेला तो १०० मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. कडा चढून पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंचीवर असलेल्या विंडहुकला गेलो की तो ३५० मिलिमीटरच्या पुढे जातो. येथे समुद्रापासून जितके दूर जावे तितका पाऊस वाढतो! कारण नामिबियाचा पाऊस मुख्यतः मागच्या दाराने येतो. उन्हाळ्यात ईशान्येकडून आणि पूर्वेकडून खंड ओलांडून आलेले बाष्प पश्चिमेकडे सरकताना संपत जाते आणि नामिबच्या वाट्याला तळाचे चार थेंब उरतात. त्या बाष्पाचा एक मोठा स्रोत हिंदी महासागर आहे, म्हणजे ज्या महासागराच्या वाऱ्यांवर रियुनियन भिजते तोच. नामिब मात्र त्याच्या रांगेत शेवटी उभे आहे. आधी मादागास्करचे पूर्वेकडचे डोंगर, मग आफ्रिकेची पूर्व कड, मग सगळे पठार.

तापमानाबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण वाळवंट म्हटले की तळपते ऊन एवढेच डोळ्यांपुढे येते. वॉल्व्हिस बेचे वार्षिक सरासरी तापमान १५-१६ अंशांच्या आसपास आहे आणि रियुनियनच्या राजधानीचे, साँ-दनीचे, २४ अंशांच्या वर. बेट उष्ण, वाळवंटाचा किनारा थंड! किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांतला फरकही बेताचा असतो, कारण थंड समुद्र आणि धुके दोन्ही बाजूंनी लगाम घालतात. आत गेल्यावर मात्र आकाश निरभ्र होते आणि वाळवंटाचा नेहमीचा स्वभाव प्रकटतो. दुपारी ३०-३५ अंशांवर गेलेला पारा पहाटेपर्यंत पार खाली येतो.

आणखी एक गंमत. किनाऱ्यावर काही अत्यंत उष्ण दिवस येतात ते हिवाळ्याच्या सुमारास. त्या दिवसांत पठारावरून समुद्राकडे वारे सुटतात. एक हजार मीटर खाली उतरलेली हवा दहा अंशांनी तापते, हा पहिल्या प्रतिसादातला नियमच येथे प्रत्यक्ष अनुभवाला येतो. धुक्यात गारठलेल्या गावाचा पारा काही तासांत ३५ च्या वर जातो आणि हवेत वाळू भरते. सरासरीच्या आकड्यांत हे दिवस दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

दगडमाती

भूरूपांचा प्रश्न मागे राहिला आहे. हवामानावरून बरेच समजावता येईल, सगळे नाही.

रियुनियन हे समुद्रतळातून वर आलेल्या ज्वालामुखीचे टोक आहे आणि त्याचा समुद्रावरचा भाग अवघा वीस-तीस लाख वर्षांचा आहे. ज्या तप्त स्थळावर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येणाऱ्या जागेवर, ते उभे आहे, त्याच तप्त स्थळाशी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचा संबंध जोडला जातो. मधल्या काळात भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला. इतक्या तरुण बेटावर इतक्या खोल दऱ्या कशा, असे विचारले तर उत्तर पाऊस हेच. पितों द नेजच्या भोवती सालाझी, माफात आणि सिलाओस या तीन अर्धवर्तुळाकार प्रचंड दऱ्या आहेत. ज्वालामुखीच्या कडा ढासळत गेल्या आणि मुसळधार पावसाने तो ढिगारा समुद्रात वाहून नेला. माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता जात नाही, लोक पायी किंवा हेलिकॉप्टरने येजा करतात. तिकडे फुर्नेझ अजून वारंवार जागा होतो. फेब्रुवारी २००७ मध्ये एका चक्रीवादळाने याच पर्वतावर तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडला आणि एप्रिलमध्ये मोठ्या उद्रेकाच्या वेळी त्याच्या माथ्यावरचे विवर तीनशेहून अधिक मीटर खचले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण हे बेट किती वेगाने बांधले आणि मोडले जाते याची कल्पना येते.

नामिबमध्ये घाई कशालाच नाही. हे जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. त्याच्या वाळूचा मोठा भाग दक्षिणेकडच्या ऑरेंज नदीने समुद्रात आणून टाकलेला आहे. किनाऱ्यालगतच्या लाटा आणि प्रवाह ती वाळू उत्तरेकडे सरकवतात, मग वारा ती जमिनीवर आणतो. म्हणजे वाळवंटाची वाळू दूरच्या पावसाळी डोंगरांतून, नदीच्या आणि समुद्राच्या मार्गाने येथे आली आहे. किनाऱ्याजवळ ती फिकट असते, आत जावे तसतसा कणांवर लोहाचा गंज चढून ती तांबूस होत जाते. काही टेकड्यांची उंची तीनशे मीटरहून अधिक आहे. या वालुकासमुद्राची नोंद २०१३ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाली. रियुनियनच्या शिखरांची आणि दऱ्यांची २०१० मध्ये झाली होती.

सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे कुइसेब नदी. ती वर्षातला बहुतेक काळ कोरडी असते. तरीही तिच्या दक्षिणेला टेकड्यांचा समुद्र आणि उत्तरेला गोट्यांचे सपाट मैदान, अशी जणू रेघ ओढलेली आहे. दक्षिणेचा वारा वाळू नदीपात्रात ढकलत राहतो आणि पठारावर चांगला पाऊस झाला की येणारा पूर ती धुऊन नेतो. म्हणून नामिबमध्ये पाण्याचे काम नाही असे लिहू नये. काही दिवसांचा पूर तेथे वर्षानुवर्षांच्या वाऱ्याला थोपवून धरतो. याउलट रियुनियनवर, फुर्नेझच्या ताज्या लाव्हावर, अफाट पाऊस पडूनही बरेचसे पाणी भेगांतून आत झिरपते आणि पृष्ठभागावर ओढे त्या मानाने कमीच दिसतात. पाऊस अमुक इतका म्हणून नद्या अमुक इतक्या, असा सरळ हिशेब दोन्हीकडे चालत नाही.

समोच्चरेषा

टिपणातले ते जुने वाक्य खोडले आहे. त्याऐवजी असे लिहितो आहे : ‘दोन्ही प्रदेश उतरत्या कोरड्या हवेच्या पट्ट्यात आहेत, एकाभोवतीचा समुद्र उबदार असल्यामुळे दमट थर जाड होतो आणि वाऱ्याकडची बाजू चढून बरसतो, दुसऱ्याजवळचा समुद्र थंड असल्यामुळे दमट थर पातळ राहतो आणि जमिनीवर केवळ धुके पोहोचते.’ यात काही चूक असल्यास कृपया सांगावी. शिवाय वॉल्व्हिस बेच्या पावसाच्या आकड्यात धुक्याचे पाणी धरलेले असते का?

थंडप्रवाह

वाक्य ठीक आहे. फक्त ‘केवळ धुके’ मधला ‘केवळ’ काढावा. पर्जन्यमापक वरून पडणारे पाणी मोजतो. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की ते पडत नाहीत, वाऱ्याबरोबर आडवे वाहत जातात आणि वाटेत आलेल्या दगडावर, गवताच्या काडीवर किंवा भुंग्याच्या पाठीवर चिकटतात. त्यामुळे पावसाच्या आकड्यात ते जवळजवळ येतच नाहीत. ते मोजण्यासाठी उभी जाळी लावावी लागते. किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटर आत, कुइसेबच्या काठावर गोबाबेब येथे १९६० च्या दशकापासून एक संशोधन केंद्र चालते. तेथील वार्षिक पाऊस सरासरी २५ मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो एखाद्या वर्षी जवळपास पडतच नाही. धुके मात्र दरवर्षी येते. नामिबमधील कित्येक जिवांचा हिशेब त्या धुक्यावर चालतो, पावसावर नाही. तेव्हा तक्त्यात पावसाच्या शेजारी धुक्याच्या दिवसांचा एक रकाना ठेवावा.